बर्फाखालचं लेबल

दुपारी अडीचला लेबल कारखान्याचे मालक कापणी यंत्राखाली मेलेले सापडले. गळा या कानापासून त्या कानापर्यंत चिरलेला. रक्त जामच्या लेबलांच्या गुंडाळीवर उडालं होतं आणि यंत्र ती लाल पट्टी शांतपणे गुंडाळत होतं.

पोलिसांनी यंत्रावरच्या कामगाराला उचललं. सुरी त्याचीच होती. ती यंत्रावर ठेवून हात धुवायला गेलो होतो, असं तो सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको शोधक बाईंकडे आली. "कबूल होईपर्यंत मारतील," ती म्हणाली. "काल मनगट मोडलं. आज काय मोडतील?"

बाई तेवढ्यावर उठल्या. त्यांचे जोडीदार, निवृत्त हवालदार, अर्धा चहा टाकून मागोमाग निघाले.

मालकांचे धाकटे भाऊ कार्यालयात भेटले. खुनाच्या वेळी ते तिथे एकटेच होते. सकाळी दादांशी वाजलं होतं, हेही त्यांनीच सांगितलं. गार पुठ्ठ्याला साधा डिंक धरत नाही, शीतगृहासाठी वेगळ्या डिंकाची लेबलं लागतात. ती संपली होती आणि नवा कागद मागवायला ते विसरले होते. दादांनी सगळ्यांसमोर गाढव म्हटलं.

"तसा त्यांचा पारा चढलेलाच होता," ते म्हणाले. "पुतणी हात मोडून माहेरी आलीय. जिन्यावरून पडले म्हणते."

मालकांचा जावई कारखान्याच्या मागच्या दाराला लागून असलेलं शीतगृह सांभाळायचा. काल सकाळी माल आत आला, लेबलं राहिली होती, म्हणून जेवणानंतर आरडाओरडा होईपर्यंत आत एकटाच ती चिकटवत होतो, असं त्यानं सांगितलं. "बघा हवं तर. एक खोकं सुटलेलं नाही."

बाहेर येताच हवालदार कुजबुजले, "धाकटेच. चारचौघांत गाढव म्हटलं की माणसाचं रक्त तापतं."

"मग तुम्ही माझा गळा कधीच चिरला असता," बाई म्हणाल्या.

दुपारी त्यांनी फौजदारांसह सगळ्यांना शीतगृहात उभं केलं. जावयाच्या टेबलावरच्या गुंडाळीतलं एक लेबल काढून हवालदारांना दिलं. त्यांनी ते गार खोक्यावर दाबलं. हात काढताच ते खाली पडलं.

"शीतगृहाची लेबलं कारखान्यातच नव्हती. ही साध्या डिंकाची आहेत," बाई म्हणाल्या. "तरी प्रत्येक खोक्यावर घट्ट बसलीत. म्हणजे ती बाहेर, उबेत लागली. बर्फ बघा. पुठ्ठ्यावर आहे तेवढाच लेबलावरही आहे. खोकी आत आली ती लेबलं लावूनच. मग जेवणानंतर तुम्ही इथे काय चिकटवत होतात, जावईबापू? बाकी दोघांकडे साक्षीदार नव्हता, आणि ते तसं सांगत होते. साक्ष तयार फक्त तुमची होती."

जावयानं खोकी फोडायचं पातं उपसलं. हवालदारांचा तळवा हाडापर्यंत फाटला. त्याच हातानं त्यांनी त्याचं तोंड लोखंडी दारावर आपटलं.

"पोरगी परत पाठवणार नाही म्हणाला म्हातारा," जावई रक्त थुंकत म्हणाला. "बायको माझी आहे."

फौजदारांनी लगेच ठाण्यावर फोन लावला. कामगाराला तासाभरापूर्वी इस्पितळात हलवलं होतं, डोक्यात रक्तस्राव होता. कबुलीवर सहीऐवजी डाव्या अंगठ्याचा ठसा होता. उजवा हात उचलला जात नव्हता.

बाई पोचल्या तेव्हा त्याची बायको दाराबाहेर उभी होती. तो सुटला, हे तिला सांगितलं. तिनं मान हलवली.

रात्री आठपर्यंत तो शुद्धीवर आला नव्हता.