पट्टीसरांची जाड प्लेट

"डोळे मिटा! मिटा म्हणते ना!"

मी ओरडले आणि दारातून आत शिरलेल्या माणसाला चक्क बाहेर ढकललं. आत माझी पोरं वेल्डिंग करत होती, निळा लख्ख उजेड पडत होता, आणि हा बाबा उघड्या डोळ्यांनी सर्कस बघावी तसा बघत उभा!

"पालक असाल तर ऑफिसात जा," मी हेल्मेट वर सारत म्हटलं.

"पालक नाही," तो डोळे चोळत म्हणाला. "कॉलेजात वेल्डिंग शिकवतो. तुमच्या वर्गाच्या क्रेडिटसाठी आलोय. तुम्ही दाराला उजेड अडवायचा पडदा लावत नाही का?"

"धुवायला काढलाय…"

झालं! ज्या माणसाची मी देव पाण्यात घालून वाट बघत होते, त्यालाच बाहेर ढकललं होतं. वर पडद्याचीही थाप मारली होती. पडदा कधीच जळून गेला होता.

माझी पोरं शाळेत दोन वर्षं वेल्डिंग शिकतात. मग कॉलेजात जातात, आणि तिथे त्यांना पुन्हा पहिल्यापासून… रॉड कसा धरायचा इथपासून! गेल्या वर्षीची माझी सगळ्यात हुशार मुलगी महिन्याभरात कॉलेज सोडून आली. "मॅडम, तेच तेच किती वेळा शिकायचं?" म्हणाली आणि काकाच्या दुकानात गल्ल्यावर बसली. ती तिथे दिसली की मी रस्ता बदलते. म्हणून मी कॉलेजच्या मागे लागले होते, की माझ्या पोरांची परीक्षा घ्या, तुमच्या पहिल्या सेमिस्टरएवढं त्यांना येत असेल तर त्याचं क्रेडिट द्या आणि पुढच्या वर्गात बसवा.

तो दिवसभर राहिला. खिशातून स्टीलची पट्टी काढून सतत काहीतरी मोजायचा, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोरांनी त्याला 'पट्टीसर' करून टाकलं. माणूस उंच, आवाज मऊ. हसायचा तेव्हा आधी डोळे हसायचे… मी बघत नव्हते. दिसत होतं, त्याला मी काय करणार?

शेवटी त्याने गाडीतून जाड प्लेटा काढल्या. उभ्या धरून जोडायच्या, मग जोड यंत्रात वाकवायचा. तडा गेला नाही तर पास.

पोरांनी झोकात काम केलं. दिसायला असे सुरेख जोड की मी मनातल्या मनात पेढे वाटले. आणि मग यंत्राचा दांडा खाली आला… कटकन आवाज. दुसरा, तिसरा, सगळेच जोड उघडले.

"वरून खाली का आणता रॉड?" त्याने हळूच विचारलं.

"मग काय खालून वर नेऊ? पत्र्याला भोक पडेल!"

"पत्र्याला पडेल. ही प्लेट आहे. हिला वरून खाली आणलं तर वितळलेला माल नुसता वरवर चिकटतो, आत शिरत नाही."

शाळेत येण्याआधी मी बसच्या बॉडी जोडायच्या कारखान्यात होते, तिथे सगळा पातळ पत्रा. शाळेला मिळतात त्या मोडक्या कपाटांचाही पातळच. जाड प्लेट माझ्या पोरांनी आज पहिल्यांदा पाहिली होती… आणि खरं सांगू? मीही तिच्यावर कधी नीट हात चालवला नव्हता.

मी रागारागाने ग्राइंडर आवरायला लागले, कारण रडू येत होतं. तो माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"पोरांचे हात चांगले आहेत, मॅडम. महिन्याभराने पुन्हा घेऊ. तोवर आमच्याकडचे प्लेटांचे तुकडे आणून देतो. आणि… चालणार असेल तर शाळा सुटल्यावर मीही येत जाईन."

"का?"

"पत्र्याचं काम मला येत नाही. तुमच्याकडून शिकेन म्हणतो."

लबाड! पण तो रोज आला. पोरांना खालून वर शिकवायचा, आणि पोरं गेली की मला. पाऊस असला की रॉड दमट व्हायचे, मग ते वाळवायच्या ओव्हनपाशी आम्ही हात शेकत उभे राहायचो.

"तुम्ही पोरांवर फार ओरडता," तो म्हणायचा.

"तुमच्यावर कमी ओरडते का?"

"माझ्यावर ओरडताना आवाज वेगळा लागतो."

"हो का? तोही मोजलात वाटतं पट्टीने?"

तो हसायचा. मी उगाचच रॉड उलटेसुलटे करायचे, आणि कान असे तापायचे… ओव्हनमुळे, दुसरं काय!

एकदा त्याने कोपऱ्यावर चहाला चला म्हटलं. मी ताडकन नाही म्हणाले. "क्रेडिट हातात पडेपर्यंत नाही. लोक म्हणतील, मास्तरणीने चहा पाजून पोरं पास करून घेतली." त्याने मान हलवली. पट्टी खिशात घातली आणि निघाला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. 'पोरं तयार आहेत. आता माझी गरज नाही.' एवढा मेसेज तेवढा आला.

"तू तोडून बोलली असशील," घरी माझी ताई म्हणाली.

"गेला उडत!" मी म्हटलं. रात्री जेवले मात्र नाही.

परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या मोठ्या बाई, म्हणजे वेल्डिंग विभागाच्या प्रमुख, आल्या. एकट्याच.

"ते… नाही आले?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"त्याने स्वतःहून नाव मागे घेतलं. म्हणाला, या वर्गाबद्दल मला निःपक्षपाती राहता येणार नाही."

निःपक्षपाती नाही म्हणजे? आमच्यावर इतका राग? पण विचार करायला वेळ नव्हता. पोरं हेल्मेटं घालून उभी होती. खाली ठिणगी पडली, आणि उजेड हळूहळू वर चढायला लागला. मी एकेका पोराचा हात बघत पुढे सरकत होते.

यंत्राचा दांडा खाली आला. प्लेट वाकली… वाकली… पार वाकून घोड्याच्या नालासारखी झाली. तडा नाही. दुसरी, तिसरी, शेवटची. एकीलाही नाही!

मोठ्या बाईंनी शेवटच्या जोडावरून बोट फिरवलं. "पहिल्या सेमिस्टरचं वेल्डिंग यांना पुन्हा शिकवण्यात अर्थ नाही. क्रेडिट दिलं. सरळ पुढच्या वर्गात बसा."

पोरांनी वर्कशॉप डोक्यावर घेतलं. मी खुर्चीत बसले ती बसलेच. महिनाभर छातीवर बसलेला दगड उतरला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. गल्ल्यावरच्या त्या पोरीला आजच निरोप धाडायचा, तिच्या क्रेडिटसाठीही भांडायचं, मी ठरवून टाकलं.

"रडणं झालं की जरा सायकल स्टँडपाशी जा," मोठ्या बाई हसून म्हणाल्या. "माझ्या गाडीतूनच आलाय. आत यायला मीच बंदी केली होती."

मी धावले. तो तिथे येरझाऱ्या घालत होता, चेहरा अगदी उतरलेला.

"आरडाओरडा ऐकला… पास ना?"

"सगळे!"

त्याने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "आता तुमच्या पोरांचं काहीही माझ्या हातात नाही. म्हणून आता बोलतो. मला तुम्ही आवडता. पास मी केलं असतं तर लोक बोलले असते, आणि एखाद्या दिवशी तुमच्याही मनात आलं असतं की पोरं खरंच पास झाली होती का…"

"आणि साधा एक फोन? मी इकडे जीव टांगून…"

"तुमचा आवाज ऐकला असता तर धावत इथे आलो असतो. मग नाव मागे घेऊन काय उपयोग झाला असता?"

"मूर्ख आहेस तू!" मी ओरडले. 'तू' तोंडातून कधी निसटलं, कळलंच नाही. "मला केव्हापासून आवडतोस, आणि मी नुसती रॉड वाळवत बसलेय!"

वर्कशॉपच्या खिडकीत सगळी पोरं जमली होती, मोठ्या बाईंसकट. एरवी मी एका आवाजात सगळ्यांना जागेवर बसवलं असतं. आज मी काजळी लागलेल्या माझ्या हाताने त्याचा हात धरला, सगळ्यांच्या देखत, आणि म्हटलं, "चल आत. आपलं काय ते पोरांना तूच सांग."