सगळं कोणाच्या नावावर?

मामाच्या दुकानात बिघडलेल्या वस्तू पोट उघडं टाकून पडलेल्या असतात. पंखे, इस्त्र्या, रेडिओ आणि सगळ्यात जास्त शिलाई मशिनी. मी शाळा सोडली तेव्हा, सोडली म्हणजे बाईंशी भांडले आणि परत गेलेच नाही, आई मामाला म्हणाली, "हिच्या पायाला भिंगरी आहे. हिला कुठंतरी बांधून ठेव बाबा." मामानं मला दुकानातल्या कॉम्प्युटरपुढं बांधलं. तेव्हापासून माझं नावच भिंगरी पडलं.

दुकानाची एक वेबसाइट आहे. इस्त्री तापत नाही, मशीन धागा तोडते, असलं काहीही लोक तिथं विचारतात आणि ज्यांना येतं ते उत्तरं देतात. आधी सगळ्यांची अकाउंटं मामा एकटाच बघायचा. रोज कोणीतरी पासवर्ड विसरायचं, कोणीतरी दोन नावांनी घुसून स्वतःचीच वाहवा करायचं. शेवटी वैतागून त्यानं एक प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा तयार प्रोग्राम, बसवलं. त्यात पंखे, इस्त्र्या, शिलाई मशिनी असे गट आणि प्रत्येक गटाला एक प्रमुख. आपल्या गटात कोणाला घ्यायचं, कोणाचा पासवर्ड बदलायचा, कोणाला काढायचं, ते प्रमुखानं बघायचं. दुसऱ्या गटात त्याला डोकावताही येत नाही.

"इमारतीची किल्ली माझ्याकडं," मामा म्हणायचा, "आणि मजल्याची किल्ली त्या मजल्यावरच्या माणसाकडं. म्हणजे माझ्या डोक्याची मंडई व्हायची थांबली."

शिलाई मशीनच्या मजल्याची किल्ली माझ्या ताईकडं होती.

ताई केसांत पिनेऐवजी स्क्रू-ड्रायव्हर खोचायची. मशिनीचा नुसता आवाज ऐकून कुठला दात झिजलाय ते सांगायची. साइटवर तिची ढीगभर उत्तरं होती आणि प्रत्येकाची सुरुवात एकच, "आधी तेल घाला, मग माझ्याशी बोला." लोकांना तो आगाऊपणा आवडायचा. मी तसं बोलले तर थोबाड फुटतं.

थंडीत तिला खोकला झाला. "हा खोकला कधीपासून गं?" आईनं विचारलं, आणि ताई म्हणाली कालपासून. "थंडीचा आहे. गरम पाणी पी, जाईल." तो गेला नाही. महिनाभरानं आई रोज तिच्या पाठीशी बसायला लागली. दोनदा थोपटायची, एकदा गोल हात फिरवायची. दोनदा थोपटायची, एकदा गोल. मी शेजारच्या पलंगावरून ते बघत झोपायचे. मग हॉस्पिटल. थंडी संपायच्या आत ताई गेली.

तिचा फोन राहिला. साइटवर कोणी ताईला काही विचारलं की तो टुणकन वाजायचा. कोणाला माहीतच नव्हतं ना ती गेलीय ते. आणि तो वाजला की आई असेल तिथून धावायची. हातात कणीक असो, साबण असो. स्क्रीनकडं बघायची. मग खाली बसायची. फोन बंद करायला गेलं तर माझं मनगट धरायची. स्वतःच्या हातानं चार्ज करायची. आई जेवत नव्हती. गालाची हाडं वर आली होती. डॉक्टर मामाला बाजूला घेऊन म्हणाले, असंच चाललं तर ही पण हातची जाईल. माझे कान लांब आहेत, मी ऐकलं.

मामानं शिलाईची किल्ली माझ्या नावावर केली आणि पहिलंच काम सांगितलं. "तिचं अकाउंट काढ. म्हणजे फोन वाजायचा थांबेल."

"तूच काढ की."

"माझ्याच्यानं होत नाही गं," तो म्हणाला आणि इस्त्री उघडत बसला. ती इस्त्री दुरुस्त होऊन गिऱ्हाइकाची वाट बघत होती.

मी ताईच्या नावापुढचं 'काढा' दाबलं. एक चौकट आली. या व्यक्तीचं इथं जे काही आहे त्याचं काय करायचं? वरचा पर्याय, सगळं पुसा. खालचा, सगळं दुसऱ्याच्या नावावर करा. कोणाच्या?

पुसू कशी? तिचं बोलणं तेवढंच तर उरलं होतं. मी खालचा पर्याय घेतला आणि माझं नाव निवडलं.

फोन वाजायचा थांबला. त्या संध्याकाळी आईनं वाढून घेतलं आणि ताट पुसून खाल्लं.

ताईची सगळी उत्तरं आता माझ्या नावाखाली दिसत होती. लोक मला आभार लिहायचे. मला ते चोरून खाल्ल्यासारखं वाटायचं, पण म्हटलं, असू दे.

मग पडदेवाल्या काकू दुकानात आल्या. ह्या पडदे शिवतात आणि वर्षातून दोनदा मशीन जाळतात. मला बघून त्यांनी गालच ओढला. "काय गं, मागच्या वर्षी माझ्या घरी येऊन अख्खं मशीन जमिनीवर मांडलंस, आठवतं का? माझ्या नातवाला वाटलं आता हे काही परत जुळत नाही."

"ती मी नव्हते. ताई होती."

"कुठली ताई?"

"माझी ताई! दुसरी कुठली असणार?" मी जरा जोरातच म्हटलं.

काकूंनी मामाकडं बघितलं. मामा म्हणाला, "तिचं काय मनावर घेता. तिच्या नाकावर राग असतो."

काकू गेल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. "त्यांना सांगितलं का नाहीस ताईचं?"

मामा पंख्याचं पातं पुसत होता. सावकाश, कडेकडेनं. "कोणत्या ताईचं, भिंगरे?" तो म्हणाला. थट्टेचा आवाज नव्हता तो. मामाला खोटं बोलता येत नाही, गिऱ्हाइकाशी बोलताना त्याचे कान लाल होतात. कान पांढरे होते.

मला वाटलं, माणूस दुःखानं असा होतो. विसरायचं ठरवतो. मी दार आपटून घरी आले.

घरी आई गुणगुणत होती. ताई गेल्यापासून पहिल्यांदाच. तिच्यासमोर ताईचा फोन होता. "हा कुणाचा गं? कपाटात सापडला. मामाला दे, पार्ट तरी निघतील."

"आई, हा ताईचा आहे."

आईनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. लहान मूल काहीतरी बोलतं तेव्हा हसतात तसं. "शहाणे, जेवून घे आधी."

शहाणे ती ताईला म्हणायची. मला कधीच नाही. मी शहाणी नाहीच.

दुसऱ्या दिवशी दुकानात स्क्रू काढताना मला माझ्या डाव्या अंगठ्यावर डाग दिसला. चकचकीत, पांढुरका, जुना. तारांना डाख द्यायच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, तापलेल्या सळीनं ताईचा अंगठा भाजला होता तसा आणि तिथंच. मी साबणानं घासला. दगडानं घासला. भोवतीची कातडी लाल झाली, डाग तसाच.

"तेवढ्यानं जात नसतो तो," मामा म्हणाला. "किती रडली होतीस भाजलं तेव्हा."

ती रडली नव्हती. ओठ दाबून नळाखाली अंगठा धरला होता. मी बघितलं होतं ते. आणि मला एकदम कळलं की मला ते आता बाजूनं आठवत नाहीये. नळाचं गार पाणी मला अंगठ्यावर आठवत होतं.

मग एकेक यायला लागलं. ताईचा लांब बाह्यांचा स्वेटर मला बरोबर बसायला लागला. गिऱ्हाइकानं चाक फिरवलं की मी न बघताच म्हणायचे, "खालचा दात गेलाय." बघायला गेलं तर गेलेलाच असायचा. मला मशिनीतलं ओ का ठो कळत नव्हतं, देवाशपथ.

एका सकाळी आई म्हणाली, "खोलीत दोन पलंग कशाला? अडगळ नुसती. एक काढला तर तुला हातपाय पसरायला जागा होईल."

मी ताईच्या पलंगावर जाऊन आडवी झाले. "हा कोणी हलवायचा नाही. हात लावून बघा."

"अगं, दुसरा काढू मग. तू नेहमी यावरच तर झोपतेस."

त्यांनी माझा पलंग नेला.

ताईच्या उशीवर डोकं ठेवलं की मला हॉस्पिटल आठवायला लागलं. छताचा ओला डाग. नळीचा चरचरीत वास. हात उचलायचा असतो आणि तो उचलत नाही. आणि दार. दारात कोणीतरी उभं असतं, नख खात, कपाळावर आठ्या. आत यायचं असतं आणि येववत नसतं तिला. मला तिला सांगायचं असतं, ये गं, काही होत नाही, ये.

दारात मी होते.

मी उठून तशीच दुकानात पळाले.

"मामा, साइट मागं नेता येते? आधी होती तशी?"

"येते की. महिन्याची एक प्रत ठेवतो मी. उद्या नवीन घेतली की जुनी पुसली जाते, पण आज आहे." तो कॉम्प्युटरपाशी आला. "काय हरवलंय तुझं?"

मला सांगता येईना. सांगितलं तर म्हणेल, कोण ताई.

"ने मागं. सगळं ने."

"बरं. मधल्या महिन्याचं सगळं जाईल हां. लोक शिव्या देतील, त्या तू खा." त्यानं प्रत उघडली. चौकट आली, खात्री आहे का? मामानं माऊस माझ्याकडं सरकवला. "तुझ्या हातानं दाब. उद्या माझ्यावर नको यायला."

तेवढ्यात आई आली. डबा घेऊन. आई दुकानात येत नसे, ताई गेल्यापासून तर घराबाहेरही पडली नव्हती. गाल भरले होते तिचे. दारातल्या मोडक्या पंख्याला वळसा घालत ती म्हणाली, "काय रे, हा अजून मेला नाही का? माझ्या लग्नातला आहे हा!"

मामा खो-खो हसला. आईपण. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि डोळे पुसून परत हसली.

दाबलं तर ती खाली बसणार होती. इथंच, पंख्याशेजारी, डबा हातात घेऊन. मला ते दिसत होतं.

आणि ताई? ताई आता फक्त माझ्यात होती. पण होती ना. जपेन मी, म्हटलं. एक माणूस आठवायला एक माणूस पुरे.

"नको," मी म्हटलं. "राहू दे."

"एवढी पळत आलीस ती?"

"राहू दे म्हटलं ना!"

"बघ बाई," आई डबा उघडत म्हणाली, "नाकावर राग."

दुसऱ्या दिवशी मामानं नवीन प्रत घेतली.

त्यानंतर बरेच दिवस चांगले गेले. आई जाड झाली. मामानं तिलाही शिलाईच्या गटात घेतलं. ती तिथं काहीबाही विचारायची आणि मी समोर बसलेली असले तरी उत्तर साइटवरच दे म्हणायची. मी लिहायचे, आधी तेल घाला, मग माझ्याशी बोला. ती खूश.

मग थंडी पडली.

आज दुकानात मी मामाला म्हटलं, "माझं अकाउंट कधी काढायची वेळ आली तर ती चौकट येईल. वरचा पर्याय दाब. सगळं पुसा. खालचा नाही. आईचं नाव तर अजिबात नाही."

"काय अभद्र बोलतेस गं सकाळी सकाळी."

"शपथ घे."

"बरं, शपथ. पण का?"

मी उत्तर देणार होते, पण मधेच खोकला आला. घरी आले तरी थांबेना. आई हात पुसत खोलीत आली.

"हा खोकला कधीपासून गं?"

"कालपासून."

"थंडीचा आहे. गरम पाणी पी, जाईल."

तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. काहीच नव्हतं. ती पलंगाच्या कडेला माझ्या पाठीशी बसली, शेजारीण काय म्हणाली ते सांगायला लागली. सांगता सांगता तिचा हात माझ्या पाठीवर आला.

दोनदा थोपटलं. एकदा गोल.

मी श्वास रोखून पडून राहिले. दोनदा थोपटलं. एकदा गोल.

आई बोलायची थांबली. मी मान वळवून बघितलं. ती स्वतःच्या हाताकडं बघत होती, तो दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बघ ना," ती म्हणाली, "मला कळेचना मी का रडतेय."

हात चालूच होता.