नातेवाईकाचा रकाना

परदेशातल्या त्या नर्सचं पत्र दोन वर्षं माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. उत्तर द्यायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे मी ते मुद्दामच दिलं नव्हतं.

आमच्या प्रार्थनामंडळानं तिच्या दवाखान्यात आठ दिवस मोफत तपासणीचं शिबिर घेतलं होतं. मी निवृत्त ग्रंथपाल. अक्षर बरं, म्हणून रुग्णांची कार्डं लिहायला नेलेला. शंभर रुग्ण तपासायचे, असा देवापुढे संकल्प सोडलेला. शेवटच्या दुपारी बाक रिकामा झाला, तेव्हा नव्व्याण्णव कार्डं भरली होती.

"एकासाठी संकल्प मोडला हो, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. "बघा ना बाहेर, कुणी शिंकतंय का!"

बाहेर कुणी नव्हतं. शंभरावं कार्ड मी गुपचूप मनानंच भरलं. पुरुष, वय चाळीस, महिनाभर खोकला. दोन कार्डांवरची अर्धी अर्धी नावं जोडून नाव केलं. नातेवाईकाचा रकाना मात्र कोरा ठेवला. तेवढी थाप मारायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे कार्डांवर हात ठेवून आम्ही एकेकाच्या नावानं प्रार्थना केली. त्याच्याही.

सकाळी निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा शंभरावा आला होता हं, औषध घेऊन गेला. किती खोकतो बिचारा!"

त्यांनी ओळखलं असेल, थट्टा करत असतील, म्हणून मी हसलो.

चार महिन्यांनी पत्र आलं.

"तुमचा रुग्ण रोज येतो. खोकला कधीपासून विचारलं, की अजूनही 'एक महिना' म्हणतो. बाकावर बसून प्रत्येकाला विचारतो, 'तुम्ही माझे कोण?' पहारेकरी गमतीनं म्हणाला, 'मी तुझा मामा.' त्या दिवसापासून रुग्णाचा खोकला थांबला, पहारेकऱ्याला लागला. आठवड्यात पहारेकरी वारला. आता रुग्ण पुन्हा खोकतो, आणि मला विचारतो. मी नाही म्हणते. तो रकाना तुम्ही भरून पाठवा. लवकर."

उत्तर देणं म्हणजे कबुली देणं. मंडळाच्या अहवालात 'शंभर' छापून झालं होतं. शिवाय मन म्हणे, म्हाताऱ्या, पुस्तकं फार वाचलीस तू.

काल डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"काका, तिथली सिस्टर आठवते? अंथरुणाला खिळलीय. खोकला. तपासण्यांत काहीच सापडत नाही."

"घरचं कुणी आहे जवळ?"

"भाऊ आहे म्हणे. चाळिशीचा. उशाशी बसून असतो. पण ती अनाथाश्रमात वाढलेली ना हो?"

आज सकाळी लिहायला बसलो. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, 'हा माझा मुलगा आहे. सिस्टर त्याच्या कुणी लागत नाहीत.' खाली माझं पूर्ण नाव आणि पत्ता. मला मूलबाळ नाही.

भर दुपारी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेलो. रस्त्यावर कुणी नव्हतं. पाकीट फटीत सरकवलं, पण बोटं सुटेनात. किती वेळ तसाच उभा होतो.

मग आतून कुणीतरी ते माझ्या हातातून हळूच घेतलं. वडीलधाऱ्यांकडून घ्यावं तसं, अदबीनं.