न उतरणारी बॅटरी

श्रीवत्सचं दाजीबानपेठेत बॅटरी आणि इन्व्हर्टरचं दुकान होतं, आणि हुबळीत लाईट ज्या नेमानं जायची ते बघता त्याला देवाकडं वेगळं काही मागावं लागत नव्हतं. दुपारी कापडवाल्यांचे पंखे थांबले की गिऱ्हाईक आपसूक त्याच्या पायऱ्या चढायचं. पण सुखासुखी बसेल तो माणूस कसला! त्यानं गोकुळ रोडच्या एका फॅब्रिकेटरला गाठून पत्र्याची घरगाडी बांधून घेतली. सुमोच्या मागं जोडायची, आत दोन बाकं, एक शेगडी, एक इवलीशी मोरी आणि बाकाखालच्या खोक्यात ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या. रानात, जिथं विजेचा खांबसुद्धा नाही तिथं, टीव्ही आणि लॅपटॉप आरामात चालवून दाखवतो, असं तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. ऐकणारे "हौद्री, हौद्री," होय हो, होय हो, म्हणायचे आणि चहा संपवायचे.

बायको वेदश्री मात्र हौद्री म्हणणाऱ्यांतली नव्हती.

"आणि अप्पांचं काय?" तिनं विचारलं. "टीव्ही बंद पडला की ते उठणार. मग रानात कुठं हुडकायचं त्यांना?"

तिचं चूक नव्हतं. श्रीवत्सचे वडील दत्तात्रेय धारवाडच्या कोर्टात शिरस्तेदार होते. एके काळी वकिलांच्या तारखा त्यांना तोंडपाठ असत, आणि आता केशवापुरातल्या स्वतःच्या घरात बसून ते "मला घरी जायचंय" म्हणायचे. नुसते म्हणायचे नाहीत, निघायचे. एकदा उणकल तलावाच्या बांधावर सापडले. एकदा कारवार रोडच्या एका टायरवाल्यानं त्यांना बसवून घेऊन दुकानात फोन केला. टीव्ही चालू असला तरच ते जागेवर बसत. काय लागलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, चित्र हलतं पाहिजे. वेदश्री घरी बसून बंगळूरच्या एका कंपनीसाठी डॉक्टरांची बोलणी ऐकून लॅपटॉपवर टाईप करायची, कान हेडफोनमध्ये आणि एक डोळा सासऱ्यांवर. सगळा संसारच त्या टीव्हीच्या वायरीला टांगलेला होता.

"टीव्ही बंद पडणारच नाही," श्रीवत्स म्हणाला. "तेवढं माझ्यावर सोड की."

म्हणून २००५ सालच्या फेब्रुवारीत ते तिघं घरगाडी घेऊन निघाले. कलघटगीच्या पलीकडं त्याच्या एका गिऱ्हाइकाचं पडीक रान होतं. डांबरी रस्ता सोडून बैलगाडीच्या वाटेनं आत गेलं की सागाची झाडं, आणि सागामागं एक जुनं तळं. पाणी आत सरकलं होतं. काठाचा काळा चिखल वरून तडकलेला आणि खाली ओला होता, त्याला शेवाळाचा आणि कुजक्या पानांचा वास होता. रानाची राखण करणारा महादेव सकाळी दूध घालून जाणार होता. बाकी जवळपास वस्ती नव्हती. विजेची तार तर कुठल्याच दिशेला दिसत नव्हती, आणि याचा श्रीवत्सला फार आनंद झाला.

पहिली संध्याकाळ दृष्ट लागण्यासारखी गेली. टपावर डिशची छत्री बसवून त्यानं टीव्ही लावला. अप्पा बाकाच्या कोपऱ्यात शाल पांघरून बसले ते हललेच नाहीत. वेदश्रीचा लॅपटॉप समोरच्या बाकावर चालू होता. बाहेर रातकिडे आणि आत कुठल्याशा कन्नड मालिकेतली सासू, असा थाट होता. श्रीवत्सनं स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं बॅटऱ्या तपासल्या. टीव्ही सकाळपासून चालूच होता, तेव्हा त्या बऱ्यापैकी उतरलेल्या असणार, मग सुमो जोडून चार्ज करायच्या, असा त्याचा हिशेब. आम्ल ओढून बघायची काचेची नळी त्यानं बॅटरीत बुडवली. आतला फुगा वर तरंगला, म्हणजे बॅटरी भरलेली. त्यानं नळी पुसून पुन्हा ओढलं. बॅटऱ्या उतरल्या नव्हत्या. हुबळीतून निघताना होत्या त्यापेक्षा जास्त भरल्या होत्या.

सुमोची वायर त्यानं स्वतःच्या हातानं काढून ठेवली होती. जनरेटर आणलेलाच नव्हता. कुठून काही येत असण्याची सोयच नव्हती.

"बरं झालं की," वेदश्री हसून म्हणाली. "लोक बॅटरी उतरली म्हणून रडतात, तुम्ही चढली म्हणून तोंड पाडून बसलाय." मग तिनं आवाज खाली आणला. "अहो, एक बघितलंत का? अप्पा कालपासून एकदाही घरी जायचं म्हणाले नाहीत. इथलं वारं मानवलंय त्यांना."

ते खरं होतं. म्हणायचे तर नाहीतच, पण उठायलाही बघत नव्हते. नाहीतर त्यांच्या पायांना सतत चाळा असायचा. बसल्या जागी टाचा आपटायचे, जणू मनातल्या मनात चालतच असायचे. आता पाय खाली नुसते ठेवलेले होते. श्रीवत्सला फार बरं वाटलं. आपल्या बापाला शांत बसलेलं बघून त्याला अगदी भरून आलं.

संध्याकाळी अप्पांना मोरीकडं नेण्यासाठी त्यानं त्यांचा दंड धरला. दंड कोमट होता, इन्व्हर्टरचं झाकण असतं तसा. तापाचा नव्हे, एकसारखा कोमट. अप्पा उभे राहिले आणि टीव्हीवरचं चित्र चारही बाजूंनी आत ओढलं गेलं. आवाज खोल गेला. लॅपटॉपचाही पडदा मंदावला तशी वेदश्रीनं मान वर केली.

"काय झालं?"

"लूज कनेक्शन असंल," श्रीवत्स म्हणाला. त्याच्या धंद्यात ज्याचं कारण कळत नाही त्याला लूज कनेक्शन म्हणतात.

अप्पांना त्यानं परत बाकावर बसवलं. चित्र पसरून पुन्हा पडदाभर झालं. तो जेवण होईपर्यंत वायरी हलवून बघत राहिला, पण एकही वायर ढिली नव्हती.

सकाळी तो तोंड धुवायला बाहेर आला तेव्हा त्याला पावलं दिसली. घरगाडीच्या पायरीपासून ती निघाली होती. अनवाणी, ओल्या चिखलात खोल रुतलेली, आणि डावं पाऊल दर वेळी जरा बाहेर वळलेलं. अप्पांचा डावा पाय तसाच पडायचा. श्रीवत्स धावत आत गेला. अप्पा बाकावर होते. वेदश्रीनं त्यांच्या हातात चहाचा पेला दिला होता आणि तो तसाच गार होत चालला होता. श्रीवत्सनं वाकून त्यांची पावलं उचलून बघितली. तळवे कोरडे आणि स्वच्छ होते, टाचेच्या भेगेतसुद्धा माती नव्हती.

"रात्री उठले होते का?"

"छे. मीच तर दाराला आडवी झोपले होते," वेदश्री म्हणाली.

तो पावलांमागं चालत गेला. तळ्याच्या काठानं, सागातून, बैलगाडीच्या वाटेनं, थेट डांबरी रस्त्यापर्यंत. तिथं काळ्या चिखलाचे दोन-चार ठसे उमटून सुकले होते. ते हुबळीच्या दिशेला वळले होते. परत येणारं पाऊल एकही नव्हतं.

तेवढ्यात दुधाची किटली हलवत महादेव समोरून आला.

"अज्जारु मुंजानेद्दु यल्लिगे होंटिद्रु?" म्हाताऱ्या मालकांनी भल्या पहाटे कुठं चालवलं होतं, असं त्यानं सहज विचारलं. रस्त्यावर गाठ पडली होती म्हणाला. विचारलं तर "मनिगे," घरी, एवढंच म्हणाले आणि थांबले नाहीत.

"आमचे अप्पा आत आहेत," श्रीवत्स कन्नडमध्ये म्हणाला, जरा रागानंच. "चल, दाखवतो."

महादेव घरगाडीपर्यंत आला. खिडकीतून त्यानं आत बघितलं. अप्पांच्या तोंडावर टीव्हीचा निळा उजेड हलत होता. महादेवनं किटली पायरीवर ठेवली, आणि हात धोतराला पुसले.

"हंगाद्र इवरु यारु?"

मग हे कोण, असं तो विचारत होता. महादेव किटली तिथंच सोडून गेला.

वेदश्री तळ्यावर धुणं घेऊन गेली तेव्हा श्रीवत्सनं बाकाखालचं खोकं ओढलं. पाना घेऊन बॅटऱ्यांच्या चारही वायरी सोडवल्या आणि लांब करून धरल्या.

टीव्ही चालू होता.

बातम्या देणारी बाई कुठल्याशा धरणातल्या पाणीसाठ्याबद्दल बोलत होती. चित्र स्वच्छ होतं. अप्पा बघत होते. त्यांची पापणी लवते का, हे बघायला श्रीवत्स बराच वेळ थांबला, आणि मग बघवेना म्हणून त्यानं खाली मान घातली. त्याला भीती वाटली. त्यानं वायरी पुन्हा जागेवर बसवल्या, पान्यानं घट्ट आवळल्या आणि खोकं आत ढकललं. वेदश्री आल्यावर तो एवढंच म्हणाला, "सामान भर. निघू या."

परतताना सुमोत मागच्या सीटवर अप्पा आणि वेदश्री बसले होते. मिश्रीकोटीच्या अलीकडं रस्त्याच्या कडेनं एक म्हातारा पाठमोरा चालला होता. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं काळं झालेलं. डावा पाय बाहेर टाकत, घाईनं, कुणीतरी वाट बघत असल्यासारखा.

वेदश्री खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

श्रीवत्सचा पाय ब्रेकवर गेला. तिथंच राहिला, पण दाबला गेला नाही. म्हातारा मागं पडला. श्रीवत्सनं आरशात बघितलं नाही.

घरी सगळं सुरळीत झालं. म्हणजे वेदश्री तसं म्हणायची. अप्पा खुर्चीत बसायचे. जेवण दोन घासांवर आलं होतं, पण डॉक्टर म्हणाले वयानं असं होतं. दाराला आतून कुलूप लावायची गरज उरली नाही. वेदश्री मागच्या खोलीत दार लोटून काम करू लागली, तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. लाईट जायची तेव्हा सगळी गल्ली अंधारात बुडायची आणि यांचा टीव्ही चालू असायचा. इन्व्हर्टरवाल्याचं घर, असं शेजारी कौतुकानं म्हणायचे. इन्व्हर्टरचं बटण चालू आहे की बंद, हे श्रीवत्स बघायचा नाही.

मग एका दुपारी दुकानातला फोन वाजला. कारवार रोडचा टायरवाला होता.

"श्रीवत्सअण्णा, तुमचे अप्पा परत आलेत बघा इकडं. लई थकलेत हो. चहा पाजलोय. पाय तर बघवत नाहीत."

श्रीवत्सनं त्याला थांबायला सांगून दुसऱ्या फोनवरून घरी लावला. अप्पा समोरच बसलेत की, वेदश्री म्हणाली, असं काय विचारताय? मागं टीव्हीचा आवाज ऐकू येत होता.

"ते आमचे नव्हेत," श्रीवत्सनं टायरवाल्याला सांगितलं.

"अहो, तुमचं नाव घ्यायलेत. केशवापूरची वाट विचारायलेत."

"आमचे अप्पा घरी आहेत. दुसरं कोणीतरी असंल." त्यानं फोन ठेवला. गल्ल्यावर बसून राहिला. समोरच्या दुकानात कापडाचे तागे उलगडत होते, तिकडं बघत राहिला. मग दुकान लवकर बंद करून तो घरी गेला.

दिवेलागणीला लाईट गेली. वेदश्री मागच्या खोलीत हेडफोन लावून बसली होती. टीव्ही चालू होता.

फाटकाची कडी वाजली.

अंगणातून पावलं आली. एक सरळ, एक ओढत. पायरीवर थांबली. कोणीतरी खाकरलं. दारात पोचल्यावर अप्पा खाकरायचे तसं.

"श्री," बाहेरून आवाज आला. "अरे, दार उघड. पाय फार दुखायलेत रे."

श्रीवत्स उठला. कडीवर हात ठेवला. दाराच्या फटीतून शेवाळाचा आणि कुजक्या पानांचा वास येत होता.

"उघडू नको."

खुर्चीतले अप्पा बोलले होते. रानातून आल्यापासून पहिल्यांदा. नजर टीव्हीवरच होती. आवाज तोच होता, अगदी तोच.

"श्री? आहेस ना रे आत?"

श्रीवत्सला आठवायचं नव्हतं तरी सगळं आठवलं. अप्पांच्या मागं धावणं, पोलीस चौकीत उभं राहणं, वेदश्रीचं रडणं, रोजची कुलपं. त्याला अप्पा हवे होते. पण बसलेले हवे होते.

"कोण आलंय हो?" मागच्या खोलीतून वेदश्रीनं विचारलं.

"कोणी नाही," तो म्हणाला.

त्यानं कडीवरचा हात काढला. खुर्चीच्या हातावर रिमोट होता. तो उचलून त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

तरी ऐकू आलंच. पायरीवर अप्पा थोडा वेळ घुटमळले. मग परक्याच्या दारात आल्यावर माणूस ओशाळतो, तशा आवाजात म्हणाले,

"घर चुकलं वाटतं. माफ करा हं. येतो."