सरासरीचं एकच फंक्शन

सांगलीहून साताऱ्याला निघालेल्या एस.टी.त शेजारच्या तरुणाने लॅपटॉप उघडला, आणि उत्कर्षा चपापली.

पडद्यावर तिचा प्रोग्राम होता! वाळत्या बेदाण्यातला ओलावा मोजणारा. 'आईच्या शेडवर तपासलं' ही तिची टीपसुद्धा तशीच. तिने तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला होता खरा... पण आज तोच दाखवून तिला साताऱ्यात नोकरी मिळवायची होती.

"मुलाखतीला?" तिने सहज विचारल्यासारखं केलं.

"व्हय. एमआयडीसीत, सॉफ्टवेअरची कंपनी." तीच कंपनी! "मी वीरधवल, तासगावचा. तुमी?"

"संयोगिता," ती बिनदिक्कत खोटं बोलली. "हे काय लिहिलंय?"

तो खुलला. "ओलाव्याची सरासरी. जुनं मीटर पूर्णांक देतं, नवं दशांश. प्रोग्रामच्या या भाषेत एका नावाची दोन फंक्शन चालत न्हाईत, म्हणून आधी दोन वेगळ्या नावांची होती. मी एकच केलं. कुठल्याबी प्रकारची संख्या द्या... चालतं."

"आधीची कुणी लिहिली होती?"

"हाय एक जण. लय हुशार." तो हसून खिडकीबाहेर बघू लागला.

नाव घेत नाही, वर हसतोय! तिचा संशय पक्का झाला. कराडला त्याने भजी पुढे केली. तिने दोनच घेतली. बदल चांगला होता, तेच तिला जास्त झोंबत होतं... त्याची बोटं लांबसडक होती, हेही तिने उगाचच पाहिलं.

साताऱ्यात मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिचा प्रोग्राम पाहिला. "हा तर मघाशी एकाने दाखवला."

'चोर!' तिच्या अगदी ओठांवर आलं.

"म्हणाला, मूळ काम उत्कर्षाचं, माझा फक्त एक बदल. तुमचं स्वतःचं काय, विचारलं, तर म्हणे एवढंच. त्या तुम्हीच का?"

तिला मान वर करवेना.

निवड तिची झाली. स्टँडवर तो एकटाच उभा होता.

"मीच उत्कर्षा," ती धापा टाकत म्हणाली. "तुम्हाला चोर समजले मी. बसमध्ये नाव का नाही घेतलं माझं?"

तो बघतच राहिला. "तीन महिने तिचं लिहिलेलं वाचतोय... अनोळखी पोरीपुढं तिचं नाव काढायला लाज वाटली."

"आणि ती साठीची म्हातारी निघाली असती तर?"

"पाया पडून आलो असतो."

"आणि आता?"

"आता—" त्याचे कान लाल झाले. "आता नुसतं पाया पडून भागायचं न्हाई."

सांगलीची गाडी लागली. गर्दी दाराकडे धावली. उत्कर्षाने गळ्यातला स्कार्फ काढून खिडकीतून आत टाकला... दोन्ही सीटवर पसरेल असा.