काखेतला जागल्या

कुंदा तोडकरच्या दंडावरचं कडं काही दिवसांपासून लालभडक होतं. आता गावोगावी सगळ्यांच्याच दंडावर हे गाठकडं असायचं. काखेतली लसिकाग्रंथी, म्हणजे काखेतली गाठ, ही शरीराची चौकीच. ती आज कोणाशी झुंजतेय हे कडं ओळखायचं. सर्दी असली की पिवळं, अनोळखी शत्रू शिरला की लाल!

कुंदा कराडला मुलींना कबड्डी शिकवायची. कॅन्सरमुळे तिचा एक स्तन काढून तिथे सिलिकॉनची पिशवी बसवलेली. आता काखेतली गाठ टम्म फुगली होती. "परत आला मेला!" म्हणत ती लेकीला, केतकीला, घेऊन डॉक्टर बर्वेबाईंकडे गेली. जीव नुसता टांगणीला लागला होता.

तपासणीचा अहवाल बघून बाई खुर्चीतून उठल्याच. "कुंदाताई, कॅन्सर नाही हो! सिलिकॉन आहे!"

"अहो, ते छातीत. काखेत कसं गेलं?"

"बारीक कण पाझरत गाठीत जातात. तिथल्या पेशी ते गिळतात, पण पचवता येत नाहीत. मग चवताळतात."

"मग काढून टाका की ती पिशवी! रोजची कणकण, सांधे ठणकतात. पोरींना धड पकड करून दाखवता येत नाही."

"थांबा, खरी गंमत पुढेच आहे!" बाईंचा आवाज चढला. "पिशवीतून सिलिकॉन पाझरतच राहतं, म्हणून तुमची गाठ झोपतच नाही. रानात रात्रभर राखण करणाऱ्या जागल्यासारखी. आणि कॅन्सरची एखादी चुकार पेशी दिसली की तिचाही फडशा! पिशवी काढली तर नवे कण येणार नाहीत, ताप हळूहळू जाईल, सांधे मोकळे होतील... आणि गाठ झोपेल."

कुंदाने टाळीच वाजवली. "राहू दे मग! तापाला कोण भितंय?"

तिघी हसल्या. हसता हसताच केतकी म्हणाली, "डॉक्टर, आजीला झाला, आईला झाला. माझ्याही रक्तात तो आनुवंशिक दोष निघालाय. मलाही आत्ताच सिलिकॉनचा एक कण बसवा की!"

बाईंचे डोळे चमकले. "बसवता येईल. पण पिशवीशिवाय मोठा कण थेट गाठीतच रुतवावा लागेल, तो परत निघत नाही. ताप जन्मभराचा."

"चालेल!"

कुंदाचं हसू विरलं. संघातली सगळ्यात चपळ चढाई या पोरीची. "अगं, सांधे जातील तुझे."

"जीव तर राहील ना, आई!"

ऑपरेशनच्या दिवशी आत जाण्याआधी केतकी आईच्या पाया पडायला वाकली. अशा वेळी आईच्या तोंडून आपसूक निघतं, लवकर बरी हो. कुंदाच्या ओठांवर ते आलंच होतं, पण तिने आवरलं. पोर बरी झाली म्हणजे जागल्या झोपला.

तिने लेकीला उठवून घट्ट धरलं. डोळ्यांतल्या पाण्याला खळ नव्हता. "आजारीच राहा गं माझ्या राणी," ती म्हणाली, "पार म्हातारी होईपर्यंत आजारी राहा."