तिसऱ्या पानावरचा रकाना

"हे अक्षर आहे की कोंबडी नाचून गेलीय?"

वकीलसाहेबांशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. कोर्टाबाहेरच्या शेडमध्ये माझा टाइपरायटर, बाहेर पाऊस, आणि हा काळा कोट डोक्यावर धरून आत घुसलेला. पुकारा व्हायला दहा मिनिटं होती आणि अर्ज अजून टाइप व्हायचा होता.

"कोंबडीच आहे," तो म्हणाला, "पण अशिलाची... जरा सांभाळून."

मी हसले, आणि तिथेच फसले.

शेडमध्ये आम्ही सहा टायपिस्ट, पण त्याचे कागद माझ्याकडेच यायचे. तो सांगायचा, मी टाइप करायचे. सांगता सांगता तो थांबायचा... बघत राहायचा.

"पुढे?"

"पुढचं विसरलो."

"कोर्टातही असंच विसरता?"

"कोर्टात तू नसतेस ना!"

मग त्याने हटवलेल्या झोपड्यांचा खटला जिंकला. लोकांनी डोक्यावर घेतलं, पक्षाने तिकीट दिलं. उमेदवारी अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र अर्थातच मी टाइप केलं. तिसऱ्या पानावर रकाना आला — पत्नीचे नाव.

"तो रिकामा ठेव," तो हळूच म्हणाला.

"रिकामा ठेवला तर अर्ज बाद होईल. तूच शिकवलंस ना?"

"मग 'लागू नाही' लिही. पुढच्या निवडणुकीला तिथे तुझं नाव. तूच टाइप करायचं."

तो निवडून आला. मतदारसंघाला पाच वर्षांत दोनदा दिसला, मला त्याहून थोडा जास्त. मी दोन स्थळं नाकारली. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, आमदाराच्या आश्वासनावर कुणी बसतं का?" मी बसले. काम नसलं की कोऱ्या कागदावर माझं नाव त्याच्या आडनावासकट टाइप करून बघायचे. बोटांना ते पाठ झालं होतं.

पाच वर्षांनी तो आला, एकटाच. अर्ज भरायला तीन वाजेपर्यंत मुदत होती. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर तो थांबला. मला वाटलं, लाजतोय! मी त्याच्याकडे बघत, न विचारता, तो रकाना भरला.

त्याने कागदावर वाकून वाचलं.

"अगं... मागच्या महिन्यात... पक्षाध्यक्षांच्या मुलीशी. घाईघाईत नोंदणी केली. नाहीतर तिकीट कापलं असतं. मी तुला सांगणारच होतो..."

पाच वर्षं मी वाट बघितली, आणि हा मला सांगायला टाइप करायच्या निमित्ताने आला होता. रडायचीही सोय नव्हती, शेजारच्या खुर्चीवर टायपिस्टकाका बसले होते.

"खोडून बाजूला सही करतो," तो पुटपुटला.

"खाडाखोड नको. छाननीत अडकेल."

मी पान ओढून काढलं. त्याने ते हातात घेतलं आणि कितीतरी वेळ बघत राहिला.

"हे... हे मी ठेवू?"

"नको, साहेब. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे. तुम्हीच शिकवलंत."

मी त्याच्या हातातून पान घेतलं, फाडून टोपलीत टाकलं. नवा कागद चढवला. वरचा मजकूर पुन्हा टाइप केला आणि त्या रकान्याशी येऊन थांबले.

"पत्नीचं नाव सांगा," मी म्हणाले. "सावकाश सांगा. मला सवय नाही."